तिसऱ्यांदा विचारल्यावर

पासिर बारू, पारियामान
५ सप्टेंबर १९९६

चि. रेफनितास,
मामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

वर्षभराच्या शाळेसाठी निघालेली तू डेन्मार्कला सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. पोस्टमनने ते आधी गल्लीतल्या प्रत्येक घरी दाखवलं आणि मग मला दिलं. त्यामुळे तुझी खुशाली गावात सर्वांत शेवटी तुझ्या सख्ख्या मामाला कळली. राणीचं चित्र असलेलं तिकीट त्याने हमालीपोटी स्वतःकडे ठेवून घेतलं आहे.

इकडे सगळं ठीक. आपल्या गावात मिसरूड फुटलं की पोरगा परमुलखात जातो, आणि जो जात नाही त्याला लोक जन्मभर घरकोंबडा म्हणतात. हे तीस वर्षं मी एकट्याने सांभाळलेलं पद आहे. आता लोकांनी नवीन काढलंय. म्हणे जामारिसच्या घरात चालायचे पाय एकाच जोडीचे होते, ते वाट चुकून भाचीला लागले. मी हसतो. नमाजघरात पोरांना कुराण शिकवणाऱ्या माणसाला रागावण्याची सोय नसते.

मंत्री मजेत आहे. परवा सरकारी साहेब गावात आले होते. त्यांच्यासमोर मी नारळ पाडणाऱ्या माझ्या माकडाला ‘मंत्री, वर चढ, खाली फेक’ असं ओरडून सांगत होतो. साहेबांनी नाव विचारलं, तेव्हा मी ते दुसरंच सांगितलं. वर चढायचं, वरून खाली टाकायचं आणि उरलेला वेळ खात बसायचं, एवढं काम करणाऱ्याला दुसरं काय नाव ठेवणार?

आता मुद्द्याचं. परक्या घरात राहतेस, तर आपली रीत विसरू नकोस. कुणी जेवायला वाढलं की पहिल्यांदा नको म्हणायचं. दुसऱ्यांदा विचारलं, तरी नको. तिसऱ्यांदा विचारल्यावर बसायचं. पहिल्याच हाकेला ताटावर बसलीस तर ते म्हणतील, सुमात्रात दुष्काळ आहे.

आणि तुझ्या त्या यजमानांना, क्रिस्टनबाई आणि यॉर्गनराव यांना, माझा निरोप नीट भाषांतर करून सांग. म्हणावं, आमचं घर तुमचंच आहे. मनात येईल तेव्हा सगळ्यांनी या आणि हवे तितके दिवस राहा. शब्द चांगले निवड, आपल्या घराची अब्रू आहे.

तुझ्या आईचा राग अजून उतरलेला नाही. लोभ आहेच, तो तिथल्या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझा,
मामा


स्कोव्हबाय, डेन्मार्क
६ ऑक्टोबर १९९६

ती. मामांस,
भाचीचे अनेक सलाम. वि. वि.

तुम्ही लिहिलीत ती रीत तुमचं पत्र येण्याआधीच मी पाळून बघितली. पहिल्या संध्याकाळी क्रिस्टनने मला आणखी बटाटे हवेत का म्हणून विचारलं. मी मान खाली घालून नको म्हटलं आणि दुसऱ्या विचारण्याची वाट बघत बसले. तेवढ्यात तिने भांडं उचललं, आत नेलं आणि घासून टाकलं.

मामा, नऊ दिवस मी तुमच्या रीतीवर जगले. दहाव्या दिवशी शाळेत कसरतीच्या तासाला खाली पडले. डॉक्टरने क्रिस्टनला विचारलं की मुलगी जेवते का. तिने सांगितलं, मुलीला भूक नसते, ती स्वतःच तसं म्हणते. खोटं बोलेल अशी शंकाही तिला आली नव्हती. तेव्हापासून मी पहिल्याच विचारण्याला हो म्हणते. इतका निर्लज्जपणा मी जन्मात केला नव्हता, आणि आता पोट भरतं.

इथे सगळे असेच आहेत. शेजारीणबाईने नवा स्वेटर दाखवला, तर क्रिस्टन म्हणाली की यात तू लठ्ठ दिसतेस. मी जीव मुठीत धरून भांडणाची वाट बघत होते, तर शेजारीणबाईने तिचे आभार मानले. परवा मी रीत म्हणून एक गाणं म्हणू का विचारलं. यॉर्गनने म्हणायला सांगितलं, शेवटपर्यंत ऐकलं आणि सांगितलं की तुझा आवाज चांगला नाही. मग म्हणाला, पण तू सायकल फार लवकर शिकलीस. तेही खरंच असणार, कारण गाण्याबद्दल तो खरं बोलला होता.

मंत्र्याचा फोटो मी दाखवला. यॉर्गन हसला. क्रिस्टन बराच वेळ त्याच्या गळ्यातल्या दोरीकडे बघत राहिली आणि मग तिने विचारलं की त्याला आठवड्यातून सुट्टी किती दिवस असते. मी म्हटलं, विचारून सांगते.

तुमचा निरोप शब्दकोश समोर घेऊन सांगितला.  मग क्रिस्टन उठली आणि स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर तिने खाली काढलं.

मामा, मला जरा भीती वाटते आहे.

आईला सांगा, मी ठेचा जपून खाते, बाटली अजून अर्धी आहे. माया राहू द्या.

तुमची,
रेफी


पासिर बारू
३० ऑक्टोबर १९९६

चि. रेफीस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

कॅलेंडर? कसलं कॅलेंडर?

अगं, मी समजायला लागल्यापासून ओट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला ‘चला जेवायला’ म्हणतो. तुझे आजोबा म्हणायचे, त्यांचे वडील म्हणायचे. इतक्या वर्षांत एकही माणूस आत आला नाही. याला सभ्यता म्हणतात. बोलावणाऱ्याने मनापासून बोलवायचं आणि येणाऱ्याने मनापासून यायचं नाही. एवढी साधी गोष्ट ज्यांना कळत नाही त्यांनी विमानं कशी बनवली, कोण जाणे.

तरी घाबरू नकोस. डेन्मार्कहून पारियामान म्हणजे काही बाजाराचा रस्ता नव्हे. कॅलेंडर धूळ झटकायला काढलं असेल.

मंत्र्याला शुक्रवारी सुट्टी असते म्हणावं. त्या दिवशी मी नमाजाला जातो आणि तो छपरावर बसून माझ्या चपला चावतो. त्यांच्याही कुत्र्याच्या गळ्यात पट्टा असेलच की. फरक एवढाच, की आमचा काम करतो.

तू कसरतीच्या तासाला पडलीस हे तुझ्या आईला सांगितलेलं नाही. सांगितलं तर माझं जेवण बंद होईल, आणि मला तर कुणी एकदाही विचारणार नाही.

सांभाळून राहा. मायेत कमी नाही.

मामा


स्कोव्हबाय
२० जानेवारी १९९७

ती. मामांस,
अनेक सलाम. वि. वि.

कॅलेंडर धूळ झटकायला काढलं नव्हतं. चोवीस मार्चला दुपारी ती दोघं पाडांगला उतरतील. आठ दिवस राहतील. तिकिटं काढून झाली. वर्ष संपेपर्यंत घरी जायचं नाही असा आम्हा विद्यार्थ्यांना नियम आहे, म्हणून मी इथे यॉर्गनच्या आईजवळ राहणार. म्हणजे माझ्याच घरी माझ्याशिवाय सगळे.

रोजे चालू आहेत. इथला सूर्य सरकारी कचेरीसारखा आहे. उशिरा येतो, लवकर जातो आणि मधल्या वेळातही जागेवर दिसत नाही. साडेचारला रोजा सुटतो. इतक्या स्वस्तात पुण्य मिळू नये असं मनात येतं. क्रिस्टनने माझ्या सोबतीने एक दिवस रोजा धरला आणि संध्याकाळी स्पष्ट सांगितलं की तिला तो मुळीच आवडला नाही.

नोव्हेंबरात मी यॉर्गनबरोबर झाडं तोडायला जात होते. ही माणसं आठ-नऊ वर्षं एक झाड वाढवतात, त्याला दरवर्षी कातरून देवळाच्या कळसासारखं करतात आणि मग तोडून विकतात. लोक ते दिवाणखान्यात दोन आठवडे उभं करतात, भोवती गातात आणि फेकून देतात. तुम्ही हसाल. पण मामा, मला ते काम फार आवडलं. कुठल्या झाडाच्या मुळाशी काय बिघडलंय हे यॉर्गन पाल्याच्या रंगावरून सांगतो. मलाही आता तीन रोग ओळखता येतात. आपल्या मागच्या बागेतल्या नारळांना जे झालं होतं, ते काय होतं ते कुणालाच कळलं नाही, ते मला सारखं आठवतं.

आता खरी गोष्ट. डिसेंबरात क्रिस्टनने विचारलं की जुलैत घरी जाऊन परत येशील का. इथे तीन वर्षांचं वरचं शिक्षण आहे, झाडांचं शास्त्र शिकता येतं, आणि खोली तुझीच आहे. मी आपल्या रीतीने म्हटलं, इन्शाअल्ला, का नाही. आपल्याकडे याचा अर्थ ‘बहुतेक नाही’ असा होतो, हे लहान मुलालाही कळतं. क्रिस्टनने दुसऱ्या दिवशी खोलीच्या खिडक्यांना रंग लावायला घेतला.

मी तिला थांबवणार होते. रंगाच्या डब्यापर्यंत गेले, आणि बोलले नाही. मामा, तेव्हा मी रीत म्हणून बोलले की खरंच, तेच मला आता कळत नाही. ती दोघं तिकडे येऊन तुम्हाला हेच विचारणार आहेत.

आईला हे तुम्हीच सांगा. मी लिहिलं तर ती अर्ध्यातच पत्र फाडील.

माया पातळ होऊ देऊ नका.

रेफी


पासिर बारू
१४ फेब्रुवारी १९९७

चि. रेफी,
आईचे आशीर्वाद आणि एक चिमटा.

ईद झाली. तुझे बाबा पेकनबारूहून आले, चार दिवस राहिले आणि दुकानाच्या काळजीने परत गेले. ईदचा मांसाचा रेंदांग तुझ्याशिवाय कुणाला संपला नाही. तुझ्या मामाने तिसऱ्या दिवशी, माझ्या तोंडात घास असताना, तुझं पत्र वाचून दाखवलं. मला ओरडता येऊ नये म्हणून वेळ अशी निवडली.

मी तीन मुलगे जन्माला घातले. तिघेही परमुलखात गेले आणि बायकांच्या घरी राहिले. त्याचं मला दुःख नाही, मुलगे जायचेच असतात. घर मुलीचं असतं. भाताच्या कोठीची ही किल्ली माझ्या आईने मला दिली, तिला तिच्या आईने. मला मुलगी एकच. तू तिकडे राहिलीस तर ही किल्ली मी कुणाला देऊ? मंत्र्याला?

आपल्याकडे भाचीबद्दलचा शेवटचा शब्द मामाचा. तो गेले काही दिवस काहीच बोलत नाही. तुझा मामा बोलतो तेव्हा काळजी नसते. गप्प बसतो तेव्हा मला धास्ती वाटते.

ते दोघे येणार म्हणून मी चटया धुवायला काढल्या आहेत. तुमची मुलगी मला द्या म्हणायला येणाऱ्या बाईसाठी मी चटया धुते आहे, हे एक तुला कळावं.

पायमोजे घालत जा.

आई


पासिर बारू
३ एप्रिल १९९७

चि. रेफीस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझे यजमान परवा गेले. गल्ली आता झोपून आहे.

पहिल्याच संध्याकाळी दोघं पाय मोकळे करायला निघाली. उपिक आजी नेहमीप्रमाणे पायरीवर बसली होती. ती नेहमीप्रमाणे ‘चला जेवायला’ म्हणाली. शब्द कळले नसले तरी हाताची खूण जगभर सारखीच. यॉर्गनराव थांबले, वाकले, बूट काढले आणि वर गेले. मागोमाग बाई. आजीच्या घरात सकाळचा भात आणि दोन सुके मासे होते. तिने नातीला मागच्या दाराने आपल्याकडे अंडी मागायला पाठवलं. तिथून ती दोघं बाहेर पडली तर पुढच्या ओट्यावर हलीमा. तीही सवयीने बोलून गेली. त्या संध्याकाळी दोघं चार घरी जेवली. परत येताना यॉर्गनराव पोट धरून चालत होते. आमच्या इलियास मास्तरांना त्यांनी इंग्रजीत सांगितलं म्हणे, की इतके आग्रही लोक जगात कुठे नसतील.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी गल्लीतली सगळी दारं बंद. साथ आल्यासारखी. मी एकटाच ओट्यावर बसून गावाची सभ्यता बघत होतो.

तिसऱ्या दिवशी मात्र गंमत झाली. यॉर्गनराव स्वतः आजीच्या दारात गेले आणि परवाचा सुका मासा आणखी आहे का, असं खुणेने विचारलं. सत्तर वर्षांत तिच्या हातचं कुणी असं तोंड उघडून मागितलं नव्हतं. ती त्या दिवसापासून पहाटेच रांधायला लागली. मग बाकीच्यांना राहवेना. सहाव्या दिवशी हलीमाने आपल्याशी बोलणं सोडलं, कारण तिच्या घरी दोघं दुसऱ्यांदा गेली नाहीत. ज्या गल्लीत इतकी वर्षं कुणी कुणाकडे जेवलं नाही, तिथे आता ‘तू खरं बोलावतेस की नुसतं?’ असं विचारायची पद्धत पडली आहे. कालच उपिक आजी माझ्या ताटावर येऊन बसली. मी खरंच बोलावलं नव्हतं.

क्रिस्टनबाई मंत्र्याला सोडवायला आल्या होत्या, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. त्या बागेत जाऊन त्याच्या शेजारी बसल्या, गळ्याखाली दोरी घासते का ते बघितलं. त्याने त्यांचे पिवळे केस हातात घेतले आणि तासभर उवा शोधल्या. एकही सापडली नाही तेव्हा त्याचं तोंड एवढंसं झालं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. जाताना त्यांनी त्याच्या दोरीला आतून मऊ कापड शिवून दिलं आणि मला सांगितलं की दोरी मला अजूनही मान्य नाही. मी म्हटलं, मलाही तुमची थंडी मान्य नाही.

शेवटच्या संध्याकाळी ओट्यावर बसलो होतो. तुझी आई, मी, मास्तर. बाईंनी सरळ विचारलं. रेफीने जुलैत घरी येऊन परत तीन वर्षं शिकायला आमच्याकडे यावं, तुमची परवानगी आहे का? तुझी आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, इन्शाअल्ला, बघू या, वेळ आल्यावर विचार करू. मास्तरांनी भाषांतर केलं. बाई म्हणाल्या, म्हणजे हो की नाही?

रेफी, एकोणपन्नास वर्षांत मला हे कुणीही विचारलेलं नाही. मास्तरसुद्धा लाजले. मी म्हटलं, मंत्र्याला पाणी पाजायचं राहिलंय, आणि उठलो.

बाकी ठीक. लोभाला ओहोटी नाही.

मामा


स्कोव्हबाय
२२ एप्रिल १९९७

ती. मामांस,
सलाम. वि. वि.

क्रिस्टन सांगते की तुझे मामा फार चांगले गृहस्थ आहेत, आणि त्यांच्या माकडाला तहान फार लागते. तिने तीन वेळा विषय काढला आणि तुम्ही तिन्ही वेळा पाण्याची बादली घेऊन गेलात म्हणे. यॉर्गनला वाटतं मंत्र्याला मधुमेह असावा.

मामा, शाळेला पंधरा जूनपर्यंत कळवायचं आहे. इथे ‘बघू या’ लिहायला अर्जावर रकानाच नाही. दोनच चौकोन आहेत.

तुम्ही नाही म्हणालात तर मी नाही लिहीन आणि रडणार नाही, निदान पत्रात तरी नाही. पण काहीतरी म्हणा.

रेफी


पासिर बारू
१२ मे १९९७

चि. रेफीस,
अनेक आशीर्वाद.

आज टिंगल कमी आहे, समजून घे.

एकोणीसशे सदुसष्टची गोष्ट. मी एकोणीस वर्षांचा होतो. तुझ्या आजीचे थोरले भाऊ, म्हणजे माझे मामा, मेदान शहरात कापडाचं दुकान चालवायचे. ते ईदला आले होते. मला न्यायलाच आले होते, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. माझी पिशवी भरलेली होती, खाटेखाली. याच ओट्यावर बसून त्यांनी विचारलं, जामारिस, येतोस का माझ्याबरोबर? मी म्हटलं, नको मामा, आईला सोडून कसं येऊ. रीत म्हणून म्हटलं. दुसऱ्यांदा विचारतील, तेव्हा पुन्हा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा पिशवी काढायची, असं सगळं ठरवून बसलो होतो.

मामांना बस गाठायची होती. की वीस वर्षं बाहेर राहून त्यांची सवय गेली होती, कोण जाणे. ते बरं म्हणाले, कॉफी संपवली आणि गेले.

लोकांना मी सांगत आलो की आईसाठी राहिलो. आईने मात्र सहा महिने टोमणे मारले की हा दांडगा घरात कशाला बसलाय. पिशवी मी महिनाभराने रिकामी केली. पण दुसऱ्या विचारण्याची वाट बघत होतो, आणि खरं सांगायचं तर अजून थोडी बघतो.

मी तक्रार करत नाही. देवाने मला इथे ठेवलं, बाग दिली, नमाजघर दिलं, हसणारी गल्ली दिली. एवढ्या वर्षांत त्याचा हिशेब चुकला असं मला वाटलेलं नाही. फक्त त्या दिवशी ओट्यावर क्रिस्टनबाईंसारखी एखादी अडाणी बाई बसलेली असती, आणि तिने हो की नाही एवढंच विचारलं असतं, तर काय झालं असतं, हे मी बादली भरताना मनात घोळवत होतो. तीन वेळा.

तुझ्या आईशी बोललो. ती म्हणाली, पोरीने नुसतं माझ्या तोंडाकडे बघून नाही म्हटलं तर ती किल्ली हातात घेऊन जन्मभर माझ्याकडे रागाने बघत बसेल, आणि तसं बघणारा एक माणूस घरात आधीच आहे. तिला माझी पिशवी माहीत होती, रेफी. तेव्हा ती बारा वर्षांची होती. खाटेखाली तिनेच ढकलली होती.

तर आता विचारतो.

रेफी, तुला परत तिकडे शिकायला जायचंय का? याचं उत्तर देऊ नकोस.

रेफी, खरंच जायचंय का? याचंही नको.

तिसऱ्यांदा विचारतो. जायचंय का? आता सांग. माझ्यासाठी नाही, आईसाठी नाही, खिडक्यांना रंग लावला म्हणूनही नाही. जे म्हणशील तो माझा शब्द.

मामा


स्कोव्हबाय
४ जून १९९७

ती. मामांस,
भाचीचे वाकून सलाम.

हो.

हे तुमच्या पहिल्या विचारण्याचं उत्तर आहे. तुमचं पत्र क्रिस्टनच्या दारातच उभं राहून वाचलं आणि पहिल्या प्रश्नाला मी मोठ्याने हो म्हणाले. पुढच्या ओळी नंतर वाचल्या. कुत्रा दचकला. चौकोनात खूण करून अर्ज टाकला आहे.

आईला सांगा, जुलैत येते आहे आणि सहा आठवडे तिच्या हाताखाली राबणार आहे. तीन वर्षांनी परत येईन म्हणते ते रीत म्हणून नाही. आपल्या मागच्या बागेची माती मला हवी आहे. पण तीन वर्षांत माणसाचं काय होतं ते आज कसं सांगू? खोटं वचन मी इथे देऊ शकत नाही, सवय गेली.

तर तुमची दोन विचारणी माझ्याकडे न वापरता उरली आहेत. ती परत पाठवते, कारण तुम्हाला त्यांची गरज आहे. नोव्हेंबरात झाडतोडणीला यॉर्गनला झाडांतलं कळणारा एक माणूस हवा आहे. त्याने आणि क्रिस्टनने तुम्हाला बोलावलं आहे. राहणं, खाणं, जाणं-येणं सगळं त्यांच्याकडून, यॉर्गन म्हणतो की गल्लीने जेवढं खाऊ घातलं त्याची फेड अजून व्हायची आहे. हे लोक एकदाच विचारतात, ते पहिलं झालं.

दुसरं माझं. मामा, तुम्हाला यायचंय का?

तिसरंही माझंच. मामा, यायचंय का?

रेफी


पासिर बारू
२५ जून १९९७

चि. रेफीस,
अ. उ. आशीर्वाद. वि. वि.

तुझा ‘हो’ पोचला. पोस्टमनने यावेळीही गल्लीत आधी दाखवला, त्यामुळे मी पत्र उघडेपर्यंत हलीमा माझं अभिनंदन करून गेली होती. ती पुन्हा बोलायला लागली आहे.

तुझी आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी किल्लीला नवी दोरी लावून तिने ती स्वतःच्याच कमरेला खोचली आणि म्हणाली, मी काय उद्या मरते आहे? तीन वर्षं माझीच राहू दे. मग तुझ्यासाठी सुकी मिरची निवडायला बसली. मिरच्या निवडताना डोळ्यांत पाणी येतंच, म्हणून मी काही विचारलं नाही.

आता तुझ्या दुसऱ्या गोष्टीबद्दल. मला येणं कसं शक्य आहे, तूच विचार कर. पन्नाशीला आलेला माणूस. गुडघे नमाजापुरते वाकतात, तेवढंच. मक्का न बघता डेन्मार्क बघून आला म्हणून लोक पुढची तीस वर्षं बोलतील, घरकोंबडा परवडला. नमाजघरातली पोरं महिनाभरात सगळं विसरतील. तिथे सूर्य नाही, भात नाही, आणि लोक तोंडावर खरं बोलतात. मंत्र्याचं काय? तुझ्या आईला विचारलं, तर ती म्हणाली की आम्हा दोघांपैकी एकाला सांभाळणं तिला जमेल आणि मंत्री कमी बोलतो. शिवाय आठ वर्षं वाढवलेलं झाड दोन आठवड्यांसाठी तोडणं मला पटत नाही, हे यॉर्गनरावांना समोर बसून सांगावं लागेल, पत्रात ते नीट सांगता येणार नाही.

तेव्हा नको. आमचे आभार कळव. तू सतरा जुलैला पाडांगला उतरशील तेव्हा मी विमानतळावर असेन, मंत्र्याला आत सोडत नाहीत म्हणून एकटाच.

वाट बघतो. लोभ होता तसाच आहे.

तुझा,
मामा

ता. क. खाटेखालची पिशवी उंदरांनी खाल्ली होती. उपिक आजीने दुसरी दिली आहे. क्रिस्टनबाईंना सांग, भिंतीवरचं कॅलेंडर खाली काढा.